दोन साड्या आणि एक सफारी

मुलाच्या मायेचं मोल करू शकेल असा तराजू या नश्वर जगात अजून घडलेला नाही!... हे खरंच असावं, कारण पुष्कळ माणसं ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. धम्मप्रिया सोनकांबळे या नऊ वर्षांच्या मुलीचं मोल मात्र झालेलं होतं आणि ते तिला पाठ होतं. दोन साड्या आणि एक सफारी.

साड्यांपैकी एक जांभळी होती, काठ उसवलेली. सफारी आजोबांचा, सोनकांबळे मास्तरांचा. नांदेडला, तरोड्यातल्या घरासमोर एकदा भांडेवाली आली, तिच्या टोपल्यात पातेली होती, डबे होते आणि कोपऱ्यात एक मुलगी होती. आजीनं पुष्कळ घासाघीस केली आणि शेवटी पातेलं ठेवून मुलगी घेतली. हा इतिहास व्यंकटी मामानं सांगितला तेव्हा आजी तोंडाला पदर लावून हसली, आई हसली आणि जे कधीच हसत नाहीत ते बाबा गंभीरपणे म्हणाले, "पातेलं घेतलं असतं तर आतापर्यंत टिकलं असतं."

असं निम्म्या महाराष्ट्रातल्या लेकरांना सांगतात. लेकरं दोन दिवस मुसमुसतात, विसरतात आणि मोठी झाली की भाच्यांना तेच सांगतात. धम्मप्रियाही विसरली असती. पण ती आईबाबांबरोबर मस्कतला राहत असे आणि तिथल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दर शुक्रवारी वंदना होई. सुट्टी शुक्रवारी, म्हणून वंदनाही शुक्रवारी. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे तिघं हात जोडून बसत आणि खोटं न बोलण्याचं शील तिघांच्या तोंडून एका सुरात निघे. ज्या घरात दर आठवड्याला असं वचन दिलं जातं, त्या घरातली माणसं आपल्या लेकराला त्याच्या जन्माबद्दल खोटं कशाला सांगतील?... त्या निष्पाप अंतःकरणानं सरळ विचार केला, निष्कर्ष काढला आणि तो काळजाच्या तळाशी ठेवून ती शहाण्यासारखी वागत राहिली. ताटात काही टाकत नसे. कशासाठी हट्ट करत नसे. "किती गुणाची पोर!" असं शेजारणी म्हणत, आणि आईला, मंजुषाला, तो आपल्या संस्कारांचा विजय वाटे.

मग आदर्श आला.

मंजुषाची धम्मप्रियेच्या पाठची दोन बाळं उदरातच विझून गेली होती, तिसऱ्यांदा त्या वेदनेच्या वाटेला जाण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि म्हणून पुष्कळ वाट पाहून, पुष्कळ ठिकाणी सह्या करून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, आनंदरावनं, लातूरच्या एका शिशुगृहातून चार वर्षांचा हा मुलगा घरी आणला. त्याचं खरं नाव आनंदराज, पण सगळे आनंदरावच म्हणत. तो मूळचा लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचा, नांदेडचं घर मास्तरांनी मागाहून बांधलेलं. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला हा इंजिनिअर आता मस्कतमध्ये समुद्राचं पाणी गोड करायच्या कारखान्यात नोकरीला होता. यात काव्य आहे असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं "पगार आहे" एवढंच म्हटलं असतं.

आदर्शला घरात येऊन आठ महिने झाले होते आणि मस्कत त्याला अजून पटलं नव्हतं. शॉवरखाली तो उभा राहत नसे, "बकीट दे" म्हणून ओरडे. खिडकीतून दिसणारे बोडके तपकिरी डोंगर पाहून त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हितं कुनी झाडं तोडले?" समुद्रावर नेलं तेव्हा "लई पानी!" म्हणत धावत गेला, ओंजळभर प्याला आणि मग जन्मात कुणी इतकं फसवलं नसेल अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत राहिला. खालच्या दुकानातल्या बलुची म्हाताऱ्याशी मात्र त्याचं जमलं. मंजुषा त्याच्याशी नांदेडी उर्दूत बोले आणि आदर्श लातुरी मराठीत, आणि म्हातारा दोघांनाही खजूर देई. आई-बाबा हे शब्द आदर्शच्या तोंडून अजून निघाले नव्हते. धम्मप्रियेला मात्र दुसऱ्याच दिवशी तो "अक्का" म्हणाला, शिशुगृहात त्याला सांभाळणारी बाई उदगीरकडची, कानडी वळणाची होती म्हणून असेल. तेव्हापासून जेवण अक्कानं भरवायचं, नाक अक्कानं पुसायचं, आणि चावायचं तेही अक्कालाच.

आणि तो झोपायचा पायांत सँडल घालून.

पहिल्यांदा मंजुषानं ते हळूच काढले. तो जागा झाला आणि इतका भयंकर रडला, इतका!... की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. पुढे त्याचं कारण धम्मप्रियेच्या कानावर पडलं. बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते. आदर्शला याआधी एका कुटुंबानं घरी नेलं होतं. दोन महिने ठेवलं, त्यांना जमलं नाही, एका सकाळी अंथरुणातून उचललं आणि तसाच अनवाणी परत आणून सोडला.

परत!...

म्हणजे मुलं परत करता येतात. ही शंका धम्मप्रियेच्या मनात होतीच, आता खात्री झाली. आणि एक दुसरा विचार त्याच्याही मागून आला, अधिक भयाण. आदर्शला आणायला गाडी गेली होती, साहेबांच्या सह्या झाल्या होत्या, पेढे वाटले होते. तिला आणताना फक्त जुने कपडे गेले होते. दोघांतलं एक परत करायचंच झालं, तर...

त्या दिवसापासून या घरात दोन मुलं भीत होती, आणि मोठ्या माणसांना वाटत होतं की एकच भितंय.

दर काही महिन्यांनी दत्तक संस्थेकडून पाहणीसाठी एक बाई यायच्या. मुलगा रुळला का, घरात काय चाललंय, हे बघून त्या वर कळवत. बाई येणार म्हटलं की मंजुषा पडदे धुवायची, सुशीला करायची आणि बाईंना मुरमुऱ्यांचा हा पदार्थ नक्की काय आहे हे समजावून सांगताना रडकुंडीला यायची. त्या खेपेला बाई केरळी हिंदीत धम्मप्रियेला म्हणाल्या, "बेटा, भाई अच्छा है?"

"हां."

"तंग तो नहीं करता?"

धम्मप्रियेच्या उजव्या मनगटावर सकाळचे ताजे दात उमटलेले होते. तिनं हात पाठीमागे नेला. समोर तथागत होते, बाबासाहेब होते, वारही वंदनेचा, शुक्रवारच होता.

"नहीं," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं बोलली!... बाई समाधानानं सुशीला खात राहिल्या, मंजुषानं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि त्या चिमुकल्या जिवाच्या आत कुठेतरी काहीतरी मोडून पडलं, त्याचा आवाज कुणालाही आला नाही.

त्यानंतर पंधरवड्यात आदर्शनं टीव्हीवर पाण्याची बाटली फेकली. टीव्ही गेला. मंजुषा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. "मला नाही जमायलं हो... खरंच नाही जमायलं. तो मला आई म्हणेना, मी काय करू?..." आनंदराव शेजारी उकिडवा बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. जमत नाही, हे शब्द धम्मप्रियेनं दाराआडून ऐकले. त्या दुसऱ्या कुटुंबालाही जमलं नव्हतं.

आणि मग डिसेंबरच्या सुट्टीत नांदेडला जायचं ठरलं.

अरबी समुद्र ओलांडून जुने कपडे मायदेशी नेणारी आणि त्यांचं पातेलं करून घेणारी जमात पृथ्वीवर एकच आहे. विमानात माणशी तीस किलो सामान चालतं म्हटल्यावर मंजुषानं विटलेल्या साड्या, आनंदरावच्या कॉलर घासलेल्या शर्टांची चळत, धम्मप्रियेचे आखूड झालेले फ्रॉक असं सगळं पलंगावर काढलं आणि सासूला फोन लावला. "आई, जुनं सगळं घेऊन येतेय. भांडेवालीला सांगून ठेवा."

"हाव, हाव," पलीकडून सुमनबाईंचा खणखणीत आवाज आला. "लक्ष्मम्मा येतीच हाय गल्लीत. आन समदं, ह्या बारीला चांगलं मोठं काहीतरी बदलून घेऊ."

दारात उभ्या असलेल्या धम्मप्रियेनं पलंगाकडे पाहिलं. साड्या होत्या. शर्ट होते. आणि वर घडी घालून तिचे फ्रॉक.

ती आपल्या खोलीत गेली आणि शाळेच्या दप्तरात ब्रश, टॉवेल आणि स्वेटर भरून ठेवला.

हैदराबादला उतरून ते गाडीनं देगलूरमार्गे निघाले. रस्त्यावर मराठी पाट्या सुरू झाल्या, चहाच्या टपरीवर मराठी ऐकू आलं, तसा आदर्श गप्प गप्प होत गेला. त्यानं धम्मप्रियेचा दंड पकडला. त्याची नखं रुतली.

"अक्का," तो तिच्या कानात म्हणाला, "मला सोडायला चाललेत का?"

"नाही. तुला नाही."

"मग कुनाला?"

धम्मप्रिया खिडकीबाहेर बघू लागली. तुरीची शेतं मागे जात होती. पुढच्या सीटवर आई लेकीच्या आवडीच्या धपाट्यांबद्दल आजीला फोनवर सांगत होती, आणि शेवटच्या दिवशी लोक असंच आवडीचं खायला घालतात, हे धम्मप्रियेला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत आरोळी आली. "भांडेऽऽवाली!..."

सुमनबाई ओसरीवर चटई टाकून बसल्या. लक्ष्मम्मानं डोक्यावरचं टोपलं उतरवलं आणि पदरानं मान पुसली. ती तेलंगणाकडची, पन्नाशीची, आणि तिच्या मराठीत अर्धा तेलुगू हेल. मंजुषानं बॅग रिकामी केली.

"ह्ये काय बाई, निस्ती दशा झाली साडीची," लक्ष्मम्मा म्हणाली.

"दशा न्हाई, नेसलेली हाय. दुबईची हाय."

"मस्कत, आई," मंजुषा म्हणाली.

"तेच ते. तेवढं मोठं पातेलं काढ खालचं."

"अय्यो, त्याला आनखी दोन साड्या पडतेत."

"डोळे हायेत का गारा? शर्टं बघ किती!"

मंजुषा आदर्शला भरवायला आत गेली. आनंदराव माडीवर झोपला होता. धम्मप्रिया दप्तर पाठीला लावून ओसरीच्या खांबाशी येऊन उभी राहिली. वेणी तिनं स्वतःच घातली होती, एक बाजू वर आणि एक खाली.

लक्ष्मम्मानं तिच्याकडे पाहिलं. ह्या धंद्यात दारात लेकरू दिसलं की जे म्हणायचं असतं, ते ती तीस वर्षं म्हणत आली होती. "ही पोरगी देता का बाई? देता तर पातेलं बी घ्या नि परात बी घ्या."

आणि सुमनबाई ह्या खेळात जे उत्तर द्यायचं असतं ते, शर्टांची घडी मोडत, वर न बघता म्हणाल्या, "ने की. लई खाती."

किती सहज!... एका जिवाची जन्मगाठ इतक्या सहज सुटावी, तेही पातेल्याची घासाघीस चालू असताना! पण धम्मप्रिया रडली नाही. तिला आतून मंजुषाचा आवाज ऐकू येत होता, "आ कर बाळा, आ कर..." आणि आदर्श बहुतेक आ करत होता. म्हणजे जमत होतं. एकाचं तरी जमत होतं.

सौदा झाला. सुमनबाई पातेलं घेऊन आत गेल्या. लक्ष्मम्मानं गाठोडं बांधलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि निघाली. तिच्या मागे चार पावलांवर धम्मप्रिया निघाली.

लक्ष्मम्मा दुसऱ्या गल्लीत वळली, मग तिसऱ्या, आणि मागोमाग पोरगीही. कोपऱ्यावर एका बाईनं हाक मारली म्हणून लक्ष्मम्मा मागे वळली, तेव्हा तिला पोरगी दिसली.

"ए पिल्ला, माझ्या मागं काय येतीस? कुनाची गं तू?"

धम्मप्रिया म्हणाली, "तुमचीच."

लक्ष्मम्मा हसली. मग तिनं पोरीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं.

"पुन्हा टोपल्यात बसायचं का?" धम्मप्रियेनं विचारलं. "आता मावणार नाही. चालत येते मी. मला पोळ्या लाटता येतात."

"अय्यो देवा, काय बोलतीस? घरी जा! जा घरी!"

"तुम्ही पातेलं दिलं ना आजीला."

लक्ष्मम्मानं गल्लीत दोन्हीकडे बघितलं. ज्यांच्या डोक्यावर टोपलं किंवा पाठीवर झोळी असते त्या माणसांना हल्ली कशाची भीती वाटते, हे ज्यांच्या हातात मोबाईल असतो त्यांना कळत नाही. कुठल्यातरी गावात पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असा निरोप त्या आठवड्यात नांदेडभर फिरत होता. त्यात टोपलं होतं, लुगडं होतं आणि परक्या भाषेचा हेल होता. लक्ष्मम्मानं पोरीचा हात धरला आणि तिला आल्या वाटेनं ओढू लागली. अनोळखी बाई लेकराला हात धरून ओढते आहे, हे दृश्य रस्त्यावर कसं दिसतं ते तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"ए मावशी!" मोबाईलच्या दुकानातून विनोद नावाचा तरुण बाहेर आला. त्याच्या हातातला कॅमेरा अगोदरच चालू होता. "पोरगी कुनाची?"

"सोनकांबळे मास्तरच्या घरची हाय बाबा, सोडायला चालले..."

"थांब तू. बाळा, ही कोण हाय तुझी?"

दहा-बारा माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, टोपल्यात बघा. कुणीतरी म्हणालं, बघायचं काय त्यात, सरळच दिसायलंय. लक्ष्मम्माचे डोळे पांढरे झाले होते आणि ती धम्मप्रियेकडे बघत होती, तोंडानं काही न बोलता विनवत होती.

धम्मप्रियेला खोटं बोलून एकदा जे दुःख झालं होतं ते ती पुन्हा सोसू शकत नव्हती. ती खाली मान घालून, स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी हिचीच आहे. हिनं मला पूर्वी दिलं होतं. आता परत नेतेय."

एक हात पुढे आला आणि टोपलं रस्त्यावर पडलं. पातेली घरंगळत गटारीपर्यंत गेली. लक्ष्मम्मा दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसली, आणि कुणाचा तरी दुसरा हात उचलला गेला...

"अक्काऽऽ!"

मंजुषा येत होती. अनवाणी. पदर रस्त्यावर लोळत होता, कडेवर आदर्श होता, तोंडाला भात लागलेला, आणि तो छाती फुटेल असा ओरडत होता. ओसरीवरून अक्का गेल्याचं घरात पहिल्यांदा त्यालाच कळलं होतं. मागे आनंदराव, त्याच्या मागे धापा टाकत सुमनबाई. मंजुषा गर्दीत घुसली आणि तिनं धम्मप्रियेला छातीशी इतकं आवळलं की दोघी खाली कोसळल्या.

"कुठं गेली होतीस गं! कुठं चालली होतीस?..."

"आई, आदर्शला नका देऊ," धम्मप्रिया तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. आता तिचा बांध फुटला होता. "तो एकदा जाऊन आलाय. त्याला पुन्हा नका पाठवू. माझं काय, मी इथलीच आहे... मी जाते ना..."

"इथली? इथली म्हणजे?"

"दोन साड्या न् एक सफारी."

मंजुषाला क्षणभर काहीच उमजलं नाही. मग उमजलं. एवढा उजेड एकदम पडावा आणि त्यात आपलंच तोंड दिसावं, तसं तिचं झालं. "अगं... ती गंमत होती..."

"तुम्ही सगळे हसलात. पण असं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. आणि आपण खोटं बोलत नाही ना?"

सुमनबाई रस्त्यातच बसल्या आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागल्या, "जळो माझी जीभ! जळो!" तेवढ्यात मोटारसायकलवरून व्यंकटी मामा आला, त्यानं काय झालं ते ऐकलं आणि तो सगळ्यांहून मोठ्यानं रडायला लागला, त्यामुळे थोडा वेळ त्यालाच गप्प करावं लागलं.

"माझ्या पोटी झालीस तू, लातूरच्या दवाखान्यात," मंजुषा हुंदक्यांतून सांगत होती. "डॉक्टर म्हणाले होते, एकच वाचेल. मी म्हटलं, लेकरू वाचवा... माझं लेकरू आहेस तू, राणी! कुणाकडून आणलं नाही, कुणी दिलं नाही!"

धम्मप्रियेनं डोळे पुसले. तिनं आदर्शकडे पाहिलं, मग आईकडे.

"म्हणजे आदर्शला तुम्ही जाऊन निवडून आणलं," ती म्हणाली, "आणि मी नुसतीच आले?"

आनंदराव, जो अशा वेळी कधी बोलत नसे, धुळीत मांडी घालून लेकीसमोर बसला.

"आता निवडली," तो म्हणाला.

आणि मग ती चौघं त्या रस्त्यावर एकमेकांना बिलगली... किती दिवसांचं भय त्या अश्रूंतून वाहून गेलं! आदर्शनं एक हात अक्काच्या गळ्यात टाकला, दुसरा मंजुषाच्या, आणि भाताच्या तोंडानं म्हणाला, "आई, घरी चल." तो आई म्हणाला! बघ्यांतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. विनोदनं तो सगळा प्रसंग टिपला आणि संध्याकाळपर्यंत तो हजारो लोकांनी डोळे पुसत पाहिला. त्यात टोपलं दिसत नाही.

लक्ष्मम्मानं गटारीतून पातेली काढली, पदरानं पुसली, एकाला पोचा आला होता तो अंगठ्यानं दाबून बघितला. तिला कुणीतरी पाणी विचारलं असतं, पण सगळे रडत होते.

ती त्या गल्लीत पुन्हा आली नाही. तिथले जुने कपडे आता घंटागाडीत जातात.